स्कोहॅरीवरचा छपराचा पूल: १५६ वर्षं कसा टिकला, एका दिवसात कसा गेला

न्यूयॉर्क राज्याच्या स्कोहॅरी काउंटीत नॉर्थ ब्लेनहाइम नावाचं एक छोटं गाव आहे. गावालगतच्या स्कोहॅरी क्रीकवर १८५५ साली एक लाकडी पूल बांधला गेला. वर छप्पर, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती. लांबून पाहिलं तर नदीवर कुणी गोठा आडवा टाकलाय असं वाटावं. एकूण लांबी २३२ फूट. दोन काठांच्या मधलं अंतर सुमारे २१० फूट, आणि त्यात एकही पीलपाया नाही. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाच्या पुरानं तो उचलून नेला. २०१८ मध्ये त्याच जागी, त्याच आराखड्यावर, पण आणखी उंचावर नवा पूल उभा राहिला. खर्च झाला सुमारे ६७ लाख डॉलर. मूळ पुलाचा खर्च होता ६,००० डॉलर.

नावातल्या ‘क्रीक’वरून आपल्याकडच्या खाडीची कल्पना करू नये. कॅट्सकिल डोंगरात उगम पावून उत्तरेला मोहॉक नदीला मिळणारी ही डोंगरी नदी आहे. एरवी गुडघाभर पाणी आणि वर जोराचा पाऊस झाला की काही तासांत फुगणारं पात्र, म्हणजे कोकणातल्या नद्यांसारखाच स्वभाव. पुलाच्या साऱ्या कहाणीत हा स्वभाव महत्त्वाचा आहे.

छप्पर कशासाठी?

बर्फापासून बचाव, घोडे पाणी पाहून बुजू नयेत, प्रवाशांना आडोसा, अशी बरीच कारणं सांगतात. खरं कारण सुताराचं आहे. लाकडात ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही आणि लाकूड कुजत नाही. अशा पुलात शेकडो सांधे असतात, प्रत्येक सांध्यात खाच असते, आणि उघड्या खाचेत पाणी साचतं. बिनछपराचा मोठा लाकडी पूल १०–२० वर्षांत सांध्यांपासून कुजायला लागतो. छप्पर आणि भिंती घातल्या की तेच लाकूड शंभर-दीडशे वर्षं जातं. म्हणजे छप्पर हा पुलाचा रेनकोट. भार ते फारसा घेत नाही, उलट स्वतःचं वजनच वाढवतं. बर्फाची गंमत तर उलटी आहे: हिवाळ्यात लोक बाहेरचा बर्फ आणून पुलाच्या आत पसरायचे, कारण बर्फावरच्या घसरगाड्या कोरड्या फळ्यांवरून ओढल्या जात नसत.

भार घेणारी खरी चौकट भिंतींच्या आत असते. तिला इंजिनिअर ट्रस म्हणतात, आपले सुतार कैची म्हणतील. ब्लेनहाइमच्या पुलात लाँग पद्धतीचा ट्रस होता. अमेरिकी सैन्यातले अभियंते स्टीफन लाँग यांनी १८३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वर एक आणि खाली एक अशा लांबच लांब जाड तुळया, त्यांना जोडणारे उभे खांब, आणि दोन खांबांमधल्या प्रत्येक चौकोनात फुलीसारखे तिरपे दांडे. फुलीतले मुख्य दांडे भार काठाकडे नेतात. उलट दिशेचे दांडे एरवी रिकामेच बसले असते, पण लाँगनं त्यांच्या बुडाशी पाचरी ठेवल्या. पाचर ठोकली की तो दांडा आपल्या चौकोनात घट्ट आवळला जातो, खांबावर ताण येतो आणि सगळे सांधे आधीच दाबून बंद होतात. मग गाडी आली की सांधे उघडझाप करत नाहीत, दांड्यांतला दाब फक्त कमी-जास्त होतो. आज काँक्रीटमध्ये पूर्वताण देतात त्याच्याच जातीची ही युक्ती, फक्त पाचर आणि मोगरीनं केलेली.

पाचरीचा तोटाही तिथेच आहे. लाकूड वाळताना रेषांना आडवं आकसतं. आकसलं की पाचर सैल होते, आणि सैल पाचर गाड्यांच्या हादऱ्यानं हळूहळू सरकून खाली पडते. अशा पुलात पहिली काही वर्षं आणि त्यानंतरही ठराविक काळानं पाचरी ठोकून पाहाव्या लागतात. मोगरीचा आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर पाचर बसवायची. हे काम कुणाच्याच नावावर नसतं, म्हणून ते राहून जातं. मग पूल मधून लोंबायला लागला की दोष लाकडाला दिला जातो.

तीन भिंती आणि एक कमान

बहुतेक छपराचे पूल एकेरी असतात. ब्लेनहाइमचा दुहेरी होता. दोन मार्गांच्या मधोमध तिसरा ट्रस होता, म्हणजे एकूण तीन. या मांडणीत एक हिशेब चुकला तर सगळंच चुकतं. दोन्ही मार्गांवर सारखा भार असेल आणि रस्त्याखालच्या आडव्या तुळया मधल्या ट्रसवर तोडून जोडल्या असतील, तर मधल्या ट्रसवर एकूण भाराचा निम्मा आणि कडेच्या दोघांवर पाव-पाव भार येतो. त्याच तुळया एका कडेच्या ट्रसपासून दुसऱ्या कडेच्या ट्रसपर्यंत सलग असतील आणि तिन्ही आधार सारखेच ताठ असतील, तर मधल्यावर पाच अष्टमांश, म्हणजे ६२ टक्क्यांच्या वर जातो. तिन्ही ट्रस सारखे बांधले तर मधला कडेच्यांच्या दुपटीहून जास्त थकतो.

बांधणारा निकोलस पॉवर्स हा व्हरमाँटचा सुतार. त्यानं मधला ट्रस छपराच्या आढ्यापर्यंत उंच नेला आणि त्यात काठापासून काठापर्यंत एक प्रचंड लाकडी कमान बसवली. कमान खालून सुरू होऊन मध्यावर आढ्याला भिडायची. उंची वाढली की ट्रसची ताकद वाढते, आणि कमान वेगळ्या वाटेनं भार थेट काठावर नेते. कमान आणि ट्रस एकत्र आले की कोण किती भार घेतं याचा नेमका हिशेब आजही किचकटच आहे. ज्याचा सांधा आधी सैल होईल त्याचा भार दुसरा उचलतो. सुताराच्या दृष्टीनं ही ढिलाई नव्हे, राखीव आहे.

लाकडी ट्रसची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे खालची तुळई. वरची दाबात असते, तिथे तुकडे टोकाला टोक लावून चालतात. खालची ताणात असते. दोनशे फुटांचं एक झाड मिळत नाही, म्हणून दोन-चार ओंडके शेजारी-शेजारी ठेवून त्यांचे सांधे वेगवेगळ्या ठिकाणी पाडावे लागतात. एका जागी दोन सांधे आले की तिथली ताकद घसरते. प्रत्येक सांध्याला खाच पाडून त्यात लाकडाचा किंवा लोखंडाचा ठोकळा बसवतात. इथे फुटतं ते खाचेपुढचं लाकूड: ते रेषांच्या दिशेनं चिरून सरकतं. म्हणून खाचेपुढे पुरेसं लाकूड सोडणं ही त्या धंद्यातली पहिली शिस्त.

पॉवर्सनं सगळा पूल आधी गावातल्या मोकळ्या जागेत जुळवला, मग सुटा करून नदीवर पुन्हा उभारला. कामाची दुप्पट मेहनत वाटते, पण फायदा उघड आहे. नदीत परांची उभी करून काम करायचं तर दोन पुरांमधल्या काळात संपवावं लागतं. जमिनीवर प्रत्येक सांधा तपासून घेतला की नदीवर कापाकापी उरत नाही, फक्त जुळवणी. परांची काढताना पूल स्वतःच्याच वजनानं पडेल अशी पैज गावकऱ्यांनी लावली होती आणि पॉवर्स त्या वेळी छपरावर जाऊन बसला, अशी गोष्ट तिथे सांगतात. खरी असो-नसो, परांची काढण्याचा क्षण कोणत्याही कारागिराचा श्वास अडकवणारा. पूल आधी मुद्दाम मध्यावर किंचित उंच, कासवाच्या पाठीसारखा बांधायचा, कारण परांची सुटली की सगळे सांधे दबून तो खाली बसणारच.

‘सर्वात लांब एका गाळ्याचा छपराचा पूल’ या मानासाठी कॅलिफोर्नियातल्या ब्रिजपोर्ट इथल्या १८६२ च्या पुलाशी ब्लेनहाइमची जुनी चुरस आहे. ती बहुतांशी मोजण्यावरून आहे. छपराची लांबी धरायची, आधारापासून आधारापर्यंतची, की दोन काठांच्या दगडी तोंडांमधलं मोकळं अंतर? तिन्ही आकडे वेगळे येतात, आणि जो तो आपल्याला सोयीचा धरतो.

शांत वर्षं

पूल आधी टोलचा होता. १८६९ च्या ऑक्टोबरमधल्या मोठ्या पुरात नदीनं पश्चिमेच्या काठाला बगल देऊन नवं पात्र कापलं, तिथे जोडपूल घालावा लागला. पूल स्वतः जागचा हलला नाही. या घटनेतला इशारा पुढे फारसा कुणी लक्षात घेतला नाही: या नदीवर आधी धोका येतो तो काठाला.

१९३२ च्या सुमारास शेजारी पोलादी पूल झाला आणि छपराचा पूल गाड्यांना बंद झाला. पाडायचाच होता, पण काउंटीनं तो स्मारक म्हणून ठेवून घेतला. १९६४ मध्ये तो राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू झाला, १९८४ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सनं त्याला अभियांत्रिकी वारशाचा दर्जा दिला. पायी चालणाऱ्यांपुरता उरला म्हणजे भार जवळजवळ गेला. म्हातारपणी ओझं उतरवलेला बैल जास्त जगतो, तसंच हे.

तरी अशा पुलाची निगा सोपी नसते. कुठे पाहायचं ते एका ओळीत सांगता येतं: पाणी जिथे थांबतं तिथे. सगळ्यात आधी तुळयांची टोकं, जिथे ती दगडी आधारावर टेकतात. रस्त्यावरची माती, पानं, पक्ष्यांची घाण नेमकी तिथे साठते, ओल धरते, आणि बाहेरून कोरं दिसणारं लाकूड आतून भुसभुशीत होतं. हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, मग बारीक गिरमिटानं भोक पाडून आतला भुसा पाहायचा. पिवळा-कोरडा आला तर बरं, तपकिरी-ओला आला तर टोक बदलायची तयारी करायची. दुसरी जागा छपराची गळकी फळी. वर्षाला एक सुटली तर दुरुस्ती तासाभराची, पाच वर्षं सुटलेली राहिली तर तिच्याखालची ट्रसची वरची तुळई गेली. तिसरी, भिंतीच्या फळ्यांचं खालचं टोक. आणि पूल कडेला कललाय का, ते एका टोकाला उभं राहून आढ्याच्या रेषेवर नजर लावून पाहायचं. एवढी निगा राहिली म्हणून २०११ पर्यंत मूळ लाकूड जागेवर होतं.

२८ ऑगस्ट

आयरीन किनाऱ्यावर चक्रीवादळ म्हणून आलं, कॅट्सकिलपर्यंत पोचेतो वाऱ्याचा जोर ओसरला होता. पाऊस मात्र ओसरला नाही. डोंगरात काही ठिकाणी ११ इंचांहून जास्त पडला. वरच्या अंगाला १९२६ चं गिल्बोआ धरण आहे. ते न्यूयॉर्क शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं, पूर अडवण्यासाठी नव्हे. त्याच्या सांडव्यावरून विक्रमी पाणी गेलं आणि खालच्या गावांना घरं सोडायचा इशारा मिळाला. धरण टिकलं. पूल गेला.

पूल मोडला कशानं, याचं उत्तर ‘जुनं लाकूड’ असं द्यायचा मोह होतो. आकडे वेगळं सांगतात. वाहत्या पाण्याचा आडव्या भिंतीवरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाणी सेकंदाला ३ मीटर वेगानं येतंय असं धरा (डोंगरी पुराला हा वेग साधाच आहे) आणि दाबाचा गुणक १.४ घ्या, तर भिंतीच्या दर चौरस मीटरवर सुमारे ६४० किलो बल येतं. दोन काठांमधली ६४ मीटर लांबी फक्त एक मीटर बुडाली, तर आडवा रेटा सुमारे ४१ टन. वेग दुप्पट झाला की चौपट. तुलनेला ताशी १४४ किलोमीटरचं वादळ घ्या: त्याच गुणकानं चौरस मीटरला १४० किलोच्या आतच. वाऱ्यासाठी बांधलेला पूल पाण्यासमोर असा अर्ध्यातच संपतो.

हे झालं अर्धं. दुसरं अर्धं तरंगण्याचं. वाळलेल्या पाइनचा एक घनमीटर सुमारे ४०० किलोचा. तो बुडाला की पाणी त्याला निव्वळ ६०० किलो बळानं वर ढकलतं. असे पूल आधारावर टेकलेले असतात ते बहुतेक स्वतःच्या वजनानंच, खाली जखडणारं फारसं काही नसतं. पाणी खालच्या तुळईच्या वर चढलं की आडवा रेटा वाढत जातो आणि नेमक्या त्याच वेळी पूल हलका होत जातो, म्हणजे आधाराशी असलेलं घर्षण कमी होतं. त्यात उन्मळून आलेली झाडं भिंतीला अडकून बांध घालतात, आणि पाण्यासमोरचं क्षेत्र आणखी वाढतं. ज्या फळ्यांच्या भिंतींनी दीडशे वर्षं लाकूड कोरडं ठेवलं, त्याच त्या दिवशी शीड झाल्या. भिंती जपायच्या तर पूल उंच हवा, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ. पुढच्या बांधणीत नेमकं तेच झालं.

त्याच दिवशी, पण दुसऱ्या कारणानं

त्याच रविवारी व्हरमाँटमधल्या बार्टन्सव्हिलचा १८७० चा छपराचा पूलही गेला. सॅनफर्ड ग्रेंजरनं विल्यम्स नदीवर बांधलेला, १५१ फुटांचा, फळ्यांच्या जाळीच्या ट्रसचा. १८६९ च्या पुरानं नदीचं पात्र सरकलं म्हणूनच तो त्या जागी बांधावा लागला होता, म्हणजे ब्लेनहाइमच्या काठाला बगल देणाऱ्या पुराचाच तो वारसदार. इथे पाण्यानं काठ खरवडला, आधार खचला, आणि एक टोक सुटताच पूल नदीत बसून वाहत गेला. ते दृश्य एका रहिवाशानं चित्रित केलं आणि जगभर पाहिलं गेलं. त्यात पाहण्यासारखी गोष्ट ही, की वाहताना पूल बराच वेळ अखंड राहतो. ट्रस शेवटपर्यंत आपलं काम करत होता, त्याच्या पायाखालची जमीनच गेली होती. जानेवारी २०१३ मध्ये तिथे १६८ फुटांचा नवा पूल खुला झाला. वाढवलेले १७ फूट हेच त्या प्रकरणाचं निदान: आधार पात्रापासून मागे घ्यायचा.

काठ-पाया खरवडणं या भागाला नवं नाही. ५ एप्रिल १९८७ ला याच स्कोहॅरी क्रीकवरचा, खूप खालच्या अंगाचा, महामार्गाचा काँक्रीटचा पूल पुरात कोसळला होता आणि १० जण दगावले. कारण पीलपायाखालची माती वाहून जाणं. त्यानंतर अमेरिकेत पुलांच्या पाण्याखालच्या पायाची तपासणी गांभीर्यानं व्हायला लागली. लाकूड, काँक्रीट, पोलाद, वरचं काहीही असो, नदी आधी खालून विचारते.

पैशाचा प्रश्न

आपत्तीनंतर केंद्रीय मदत देणारी फेमा ही संस्था वापरातल्या सार्वजनिक सुविधा पुन्हा उभारायला पैसे देते. गाड्यांना बंद असलेला पूल अशी सुविधा मानायचा का, हा पेच पडला. पहिल्यांदा मागणी नाकारली गेली. काउंटीनं फेरविचार मागितला, पायी जाण्याचा मार्ग म्हणून पुलाचा वापर होता हा मुद्दा धरला, आणि शेवटी मदत मंजूर झाली. जुनी वास्तू सांभाळणाऱ्या गावांसाठी यातून निघणारं काम साधं आहे: पूल कोण, कशासाठी, किती वापरतं याची नोंद पुराआधीच कागदावर असली पाहिजे. नंतर आठवणींवर दावा लढवावा लागतो.

दुसरी कागदाची गोष्ट त्याहून मोलाची ठरली. पुलाची मोजमापं आणि आराखडे अमेरिकी सरकारच्या ऐतिहासिक वास्तू-नोंदणी योजनेत आधीच जतन होते. लाकूड वाहून गेलं, पण खाचेची खोली आणि कमानीचा वळसा कागदावर होता.

पुन्हा उभा करताना

काम २०१७ मध्ये सुरू झालं. तीन ट्रस, मधली कमान, छप्पर, भिंती, सगळं मूळ पद्धतीनं. उंची मात्र सुमारे १५ फूट वाढवली. हा आकडा ऐकायला सोपा, पण त्याचा खर्च बराचसा लाकडात नसतो, तो नवे काँक्रीटचे आधार आणि दोन्ही बाजूंचे चढ यांत जातो. चढ फार तीव्र झाला तर व्हीलचेअर जात नाही, सौम्य ठेवला तर लांबवर भराव लागतो, आणि भराव पुराच्या वाटेत आला तर पाणी तिथे कोंडतं.

उभारणीची पद्धत पॉवर्सच्याच विचाराची निघाली. पूल नदीशेजारी जमिनीवर जुळवला, आणि मग सुटा न करता अख्खाच्या अख्खा सरकवत नदीवर नेला. यात लक्ष ठेवायचं ते एका गोष्टीवर: लाकडी ट्रस जिथे टेकणार त्याच बिंदूंसाठी त्याची रचना असते. वाटेत भलत्याच बिंदूवर वजन आलं तर जो दांडा दाबात असायचा तो ताणात येतो, आणि खाचेतून निसटतो. म्हणून सरकवताना आधार कुठे येतोय आणि तिन्ही ट्रस सारखे पुढे जातायत का, हे इंचाइंचानं मोजत जावं लागतं. एक बाजू दोन-चार इंच मागे पडली तरी पूल पिळवटतो.

राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा २०१५ मध्ये काढून घेतला गेला. मूळ लाकूड राहिलं नाही, आणि तो दर्जा आकाराला नव्हे तर वस्तूला असतो. पॉवर्सचा १८८० चा ब्राउन ब्रिज व्हरमाँटमधल्या श्रूसबरीत अजून उभा आहे, त्याला २०१४ मध्ये तो दर्जा मिळाला.

नव्या पुलात खरं काम आता सुरू होतं. जाड लाकूड उघड्या हवेत वाळायचा ढोबळ हिशेब इंचाला एक वर्ष असा आहे. बारा इंची तुळई आत ओली असेल तर दहा-बारा वर्षं आकसत राहते. तेवढा काळ बोल्टांच्या चकत्या सैल होणार, पाचरी ढिल्या पडणार, तुळयांवर लांबच लांब तडे दिसणार. रेषांच्या दिशेचे तडे पाहून घाबरायचं कारण नाही. तडा सांध्यातल्या खाचेपाशी येऊन थांबला असेल तर मात्र खडूनं टोकावर रेघ मारून तारीख लिहायची, आणि पुढच्या वसंतात तो रेघेच्या पलीकडे गेलाय का ते पाहायचं.